बिबट्या कुणाचा, आणि ठाऊक कुणाला?

मागच्या पावसाळ्यात ठाण्यालगतच्या जंगलात येऊरच्या एका रिसॉर्टात जेवायला गेलो होतो. हात धुवायला मागे गेलो, तर स्वयंपाकघराच्या दाराशी खडूने लिहिलेलं दिसलं: 'रात्री खरकटं बाहेर ठेवू नये. बिबट्या येतो.' पाहुण्यांच्या बाजूला पाट्या होत्या त्या पार्किंगच्या आणि तरणतलावाच्या वेळांच्या. लॉनवर जिथे दिव्यांचा उजेड संपून झाडी लागते, तिथे दोन लहान मुलं चेंडू खेळत होती. त्यांच्या आईला मी खडूच्या ओळीबद्दल सांगितलं, तेव्हा तिने काही न बोलता मुलांना आत नेलं.

पाहुण्यांना सावध करण्याची कायदेशीर जबाबदारी रिसॉर्टवर कितपत येते, हा प्रश्न जुना आहे. त्याची सुरुवात मालकीपासून झाली. रोमन कायद्यात मोकळं फिरणारं जनावर कुणाचंच नसे, त्यामुळे त्याने केलेल्या इजेची भरपाई मागायला समोर कुणी नसे. लोकांच्या वाटेजवळ अस्वल, रानडुक्कर किंवा सिंह बाळगायला मात्र तिथेही मनाई होती. इंग्रजी कायद्याने हीच रेघ पुढे ओढली. कोंडून ठेवलेल्या जनावराची जबाबदारी ठेवणाऱ्याची, रानातल्याची कुणाचीच नाही.

पण त्याच इंग्रजी कायद्यात ताबेदाराबद्दल, म्हणजे जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याबद्दल, वेगळा विचार वाढत होता. लंडनच्या एका साखर कारखान्यात गॅसचं काम करायला आलेला कारागीर मजल्याच्या जमिनीतल्या उघड्या भोकातून खाली पडला. १८६६ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की, कामानिमित्त आलेल्या माणसाला नेहमीपेक्षा वेगळा धोका असेल आणि तो ताबेदाराला ठाऊक असेल किंवा असायला हवा असेल, तर त्याने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. 'जनावर कुणाचं?' या प्रश्नाशेजारी इथे 'ठाऊक कुणाला होतं?' हा प्रश्न येऊन बसला. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९७६ मध्ये शार्कच्या हल्ल्याच्या दाव्यात शहर प्रशासन सुटलं, त्यात त्या किनाऱ्यावर आधी असा हल्ला झाल्याचं प्रशासनाला माहीत नव्हतं हा मुद्दा मोलाचा ठरला. त्याच राज्यात जून २०१६ मध्ये डिस्नेच्या रिसॉर्टातल्या तळ्याकाठी मगरीच्या जातीच्या ॲलिगेटरने दोन वर्षांच्या मुलाला ओढून नेलं. काठावर 'पोहू नये' अशी पाटी होती, ॲलिगेटरचा उल्लेख नव्हता. पालकांनी दावा केला नाही. ॲलिगेटर आणि सापांचा इशारा देणाऱ्या पाट्या नंतर लागल्या.

आपल्याकडे ताबेदाराच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा नाही. आधार आहे तो निष्काळजीपणाच्या जुन्या तत्त्वांचा आणि ग्राहक कायद्याचा. राहण्या-जेवणाची सोय 'सेवा' ठरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही घातलं. हा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. खडूची ती ओळ इथे थेट लागू पडते असं मला वाटतं. कारण माहिती होती, ती नोकरांना दिली गेली आणि पैसे मोजणाऱ्याला नाही.

'स्वतःच्या जोखमीवर' असं छापलेल्या कागदाचंही तेच. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातून १९९८ मध्ये पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या पावतीवर जोखीम गाडीच्या मालकाची असं लिहिलेलं होतं. तरी स्वतःच्या निष्काळजीपणातून हॉटेलला त्या ओळीच्या आडून सुटता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं. गाडीला जे लागू, ते पोराला लागू नसेल असं मी मानायला तयार नाही.

जानेवारी २०२१ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये रिसॉर्टच्या तंबूत राहिलेल्या एका महिलेला हत्तीने मारलं, तेव्हा रिसॉर्टच्या मालकाला आणि व्यवस्थापकाला अटक झाली. हत्ती कुणाचा, हे तिथे कुणी विचारलं नाही.

ठाण्यात तर 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणायला जागाच उरलेली नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २००४ च्या जूनमध्ये लागोपाठ बळी गेले होते. कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत २०१५ मध्ये ३५ बिबटे सापडले, २०१८ मध्ये ४७. फेब्रुवारी २०१९ मध्ये समतानगरजवळ एक बिबट्या मॉलमध्ये आणि तिथून शेजारच्या हॉटेलात शिरला, त्याला बेशुद्ध करून न्यावं लागलं. खरकट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या, हे येऊरच्या पाड्यांवर शाळकरी पोरही सांगेल. दिवेलागणीनंतर मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही, हे तिथे पाटीवाचून पाळलं जातं. मुंबईहून रात्रीपुरता आलेल्या पाहुण्याला ते सांगणारं कुणी नसतं. बिबट्यापेक्षा जास्त संभव असलेल्या घोणस-मण्यारबद्दल तर त्याहून नाही.

एखादं प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेलं, तर तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पुरावा फार शोधावा लागणार नाही. 'बिबट्यांच्या राज्यात एक रात्र' अशा थाटाच्या जाहिराती रिसॉर्टवाले स्वतःच करतात. आणि मागच्या दाराशी ती खडूची ओळ असते. मी तिचा फोटो काढून ठेवला आहे.