हक्काची उंची

ठाण्याच्या येऊर जंगलाच्या फाटकाबाहेर रविवारी सकाळी चहाला जी मंडळी जमतात, त्यांच्यात मी एकदा बोलून गेलो की एका हिशेबानं माथेरान ल्होत्सेपेक्षा वरचढ आहे. ल्होत्से म्हणजे उंचीत जगातलं चौथं शिखर, ८,५१६ मीटर. माथेरान जेमतेम ८०० मीटर. सगळे हसले. हिमालयात गिर्यारोहणाचा कोर्स करून आलेल्या मित्रानं तर त्या दिवशीच्या चहाचे पैसे मलाच भरायला लावले. हिशेब मात्र खरा आहे.

आधी एक साधा प्रश्न. पाकव्याप्त काश्मीरमधलं के-२ बाजूला ठेवलं, तर भारतातलं सर्वांत उंच शिखर कांचनगंगा, ८,५८६ मीटर. मग दुसरं कोणतं? स्पर्धा परीक्षेचा कुठलाही मुलगा सांगेल, नंदादेवी, ७,८१६ मीटर. पण कांचनगंगेच्याच धारेवर, सिक्कीम आणि नेपाळच्या सीमेवर, आणखी दोन टोकं आहेत. दक्षिणेकडचं ८,४९४ मीटर आणि मधलं ८,४८२. दोन्ही नंदादेवीपेक्षा साडेसहाशे मीटरहून जास्त उंच. तरी त्यांना कुणी दुसरा-तिसरा नंबर देत नाही, कारण ती वेगळी शिखरं वाटतच नाहीत. थोरल्या भावाच्या खांद्यावर बसलेल्या पोराला आपण घरातला सगळ्यात उंच माणूस म्हणत नाही, तसंच हे.

‘वाटत नाहीत’ यावर शास्त्र चालत नाही, म्हणून प्रॉमिनन्स नावाचं माप आलं. मी त्याला हक्काची उंची म्हणतो. शिखरावर उभं राहायचं आणि आपल्याहून उंच अशा कुठल्याही शिखराकडे निघायचं. वाट हवी ती घ्या, पण कमीत कमी उतरावं लागेल अशी घ्या. त्या वाटेवर जी सगळ्यात खालची जागा लागते ती त्या शिखराची खिंड. शिखरापासून खिंडीपर्यंतची उतराई म्हणजे त्याची हक्काची उंची. खिंडीखालचं सगळं शेजाऱ्याबरोबर सामायिक.

ल्होत्सेवरून एव्हरेस्टला जायचं तर मधल्या साउथ कोलपर्यंत उतरायचं, तो ७,९०० मीटरच्या थोडा वर आहे. म्हणजे साडेआठ हजार मीटरच्या या शिखराची हक्काची उंची फक्त ६१० मीटर. बाकी सगळी उसनी.

आता माथेरान. तिथून त्याहून उंच अशा सह्याद्रीच्या रांगेकडे जायचं तर उल्हास आणि पाताळगंगा यांच्या मधल्या सखल पट्ट्यातून जावं लागतं. कर्जत-खोपोली लोकल याच पट्ट्यातून धावते, ना बोगदा ना घाटाचं जादा इंजिन. ती खिंड मोठ्या मनानं दीडशे मीटर उंचीवर धरली तरी माथेरानकडे साडेसहाशे मीटर उरतात. मित्राला हे कागदावर काढून दाखवलं. चहाचे पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

या हिशेबात गंमत आहे ती पाण्याची. कमीत कमी उतरायचं असेल तर वाटेत नदी ओलांडून चालत नाही, कारण नदी म्हणजे तिथली सगळ्यात खालची जागा. मग चालायचं ते जलविभाजकावरून, म्हणजे ज्या धारेच्या एका अंगाला पडलेला पाऊस एका नदीत आणि दुसऱ्या अंगाचा दुसऱ्या नदीत जातो, तिच्यावरून. म्हणून खिंड नेहमी दोन खोऱ्यांच्या सीमेवरच सापडते. कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्याहून उंच असलेलं सगळ्यात जवळचं शिखर म्हणजे अबूचं गुरुशिखर, १,७२२ मीटर, साडेपाचशे किलोमीटरहून दूर. पण जवळचं शिखर आणि सोयीची वाट या वेगळ्या गोष्टी. वाटेच्या दृष्टीनं बरी दिशा दक्षिणेची, सह्याद्रीच्या माथ्यावरून कर्नाटकातल्या मुळ्ळयनगिरीकडे. त्या वाटेवर लोणावळा लागतंच. एका बाजूला उल्हासचं खोरं, दुसऱ्या बाजूला इंद्रायणीचं, त्यामुळे तिथली सुमारे ६२० मीटरची पातळी चुकवता येत नाही. उत्तरेकडून गेलात तर मनमाडच्या आसपास याहून थोडं खालीच यावं लागतं. म्हणजे कळसूबाईच्या पदरी निदान हजार मीटर हक्काचे. डोंगरावर पाऊल न टाकता, नद्या आणि रेल्वेची स्टेशनं पाहून एवढं कळतं, हे मला फार आवडतं.

देशाची यादी या मापानं लावली की खरी उलथापालथ होते. कांचनगंगा (३,९२२ मीटर) आणि नंदादेवी (३,१३९) वरच राहतात. त्यांच्या मागच्या रांगेत मात्र केरळचं अनाईमुडी येऊन बसतं. उंची फक्त २,६९५ मीटर. उंचीच्या यादीत ते शोधायला कितीतरी पानं उलटावी लागतील, कारण हिमालयातली वस्तीची गावंसुद्धा त्याहून वर आहेत. पण त्याची हक्काची उंची सुमारे २,४८० मीटर, म्हणजे लडाखच्या ७,१३५ मीटर उंच नूनपेक्षाही किंचित जास्त. अनाईमुडीहून उंच काही गाठायचं तर थेट हिमालय गाठावा लागतो, आणि वाटेतली खिंड आहे सिंधू आणि गंगेच्या खोऱ्यांमधल्या सपाट मैदानात, समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर. पानिपत ज्या मैदानात आहे, तेच हे मैदान. गव्हाच्या शेतातल्या या जागेला खिंड म्हणायला जीभ वळत नाही, पण गणिताला त्याचं काही नाही.

दीड हजार मीटरहून जास्त प्रॉमिनन्स असलेल्या शिखरांना ‘अल्ट्रा’ म्हणतात. हे नाव १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टीव्ह फ्राय यांनी रूढ केलं. जगभरात अशी सुमारे दीड हजार आहेत. महाराष्ट्रात एकही नाही.

पूर्वी हे सगळं टोपोशीटवर, म्हणजे उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशावर, डोळे फोडून करायचं काम होतं. समोच्च रेषा मोजत जायचं आणि दोन डोंगरांभोवतीच्या वेगवेगळ्या रेषा जिथे पहिल्यांदा एकत्र येतात ती जागा पकडायची. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानानं अकरा दिवस फिरून रडारनं जमिनीची उंची टिपली आणि काम संगणकाकडे गेलं. २०१७ मध्ये अँड्र्यू कर्म्से आणि जोनाथन द फेरांटी यांनी जगभरातल्या डोंगरांची प्रॉमिनन्स काढण्याची पद्धत निकालांसह प्रसिद्ध केली. तरी अरुंद खिंड रडारच्या चौकटीत बुजून जाते, दाट झाडीत जमिनीऐवजी झाडाचा शेंडा मोजला जातो. शेवटच्या दहा-वीस मीटरवरून म्हणूनच वाद होतात.

चढाई किती अवघड हे मात्र या मापाला विचारू नये. लिंगाण्याचा सुळका या यादीत कुठल्या कुठे फेकला जाईल, पण त्याच्या कड्यावर दोराला लोंबकळताना ते कुणाला आठवत नाही.

आणि आमचं येऊर? या डोंगररांगेतलं सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ, ४६८ मीटर. पारसिकचा डोंगर खाडीपलीकडे मुख्य भूमीवर आहे, त्याची खिंड जमिनीवर शोधावी लागते. जांभूळमाळ मात्र साष्टी बेटावर, ज्यावर मुंबईची उपनगरं आणि ठाणे वसलंय. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला वसईची. त्यामुळे त्याची खिंड थेट समुद्रसपाटीला आणि ४६८ च्या ४६८ मीटर हक्काचे. एवढी पूर्ण उंची पदरात पडणारे डोंगर म्हणजे बेटांवरचे सर्वोच्च माथे. एव्हरेस्टलाही ती मिळते, पण त्याच्याहून उंच काहीच नाही म्हणून.

ठाण्याजवळ या दोन पाण्यांना जोडणारा पट्टा अगदी निरुंद आहे. पूल धरायचे नाहीत, त्यांच्याखालून पाणी वाहतं. पण उद्या कुणी तिथे काठापासून काठापर्यंत भराव टाकला, तर साष्टी मुख्य भूमीला चिकटेल, खिंड दोन-चार मीटर वर येईल, आणि जांभूळमाळ जागचा न हलता तेवढा बुटका होईल.