स्टँडबाय, सस्पेंड, स्लीप: नावांच्या घोळाची पार्श्वभूमी

फोंड्याच्या बाजारातल्या एका डीटीपीच्या दुकानात मी जत्रेच्या नाटकाची संहिता टाइप करून घेत होतो. विंडोज एक्सपीचे दिवस, जुलैचा पाऊस. जेवायला उठताना टाइप करणाऱ्या मुलाने कॉम्प्युटर तात्पुरता झोपवणारं ‘स्टँड बाय’ दाबलं. जेवण अर्ध्यावर असताना लाईट गेली. परत येऊन बघतो तर दुसरा अंक अख्खा नाहीसा. "सर, स्टँड बाय केलेलं ना मी?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याने केलं ते बरोबरच होतं. लाईट गेली की रॅममधलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीतलं, सगळं पुसलं जातं, हे त्या नावातून कळायला काही वावच नव्हता.

घोळाची सुरुवात १९९२ची. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी एपीएम हे कॉम्प्युटरची वीज वाचवण्याचं तंत्र आणलं. त्यात ‘स्टँडबाय’ म्हणजे हलकी डुलकी आणि ‘सस्पेंड’ म्हणजे गाढ झोप. विंडोज ९५च्या मेन्यूत ‘सस्पेंड’ आलं, विंडोज ९८मध्ये ‘स्टँड बाय’. १९९६च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय हे नवं मानक काढलं आणि अवस्थांना एस१ ते एस५ असे क्रमांक दिले. इंजिनिअरांची सोय झाली. दुकानातल्या मुलाला मात्र एस३मध्ये, म्हणजे त्याच्या ‘स्टँड बाय’मध्ये, काम रॅममध्येच राहतं आणि एस४मध्ये ते हार्ड डिस्कवर उतरतं, हे कोण सांगणार? एक्सपीत तर हे दुसरं, ‘हायबरनेट’, बहुधा शिफ्टची कळ दाबून धरल्याशिवाय दिसायचंही नाही.

पुढे आयईईई या इंजिनिअरांच्या संघटनेच्या १६२१ क्रमांकाच्या, २००४च्या मानकाने हा प्रश्न नीट हाताळला. ऑन, स्लीप, ऑफ एवढे तीनच शब्द. चालूला हिरवा दिवा, झोपेला पिवळसर, खूण चंद्रकोरीची. ‘स्टँडबाय’ला त्यांनी वगळलं ते योग्यच, कारण वीजमापनाच्या भाषेत त्याचा अर्थ आणखी निराळा होता. विंडोज व्हिस्टाने २००७मध्ये ‘स्लीप’ स्वीकारलं. डेस्कटॉपवर झोपण्याआधी डिस्कवरही प्रत ठेवण्याची सोय त्यात आली. आमच्यासारख्या लाईट जाणाऱ्या गावांना हीच खरी गरज होती. नंतर विंडोज १०मध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ आलं. तोच टाकलेला शब्द, अर्थ नवा: झोपेतही नेटला जोडलेला राहू शकणारा कॉम्प्युटर.

मराठीत नाव देताना ‘झोप’ चालेल. ‘कॉम्प्युटर झोपवलाय’ असं आपण बोलतोच. अडतं ते हायबरनेटपाशी. ‘शीतनिद्रा’ हा शब्द पुस्तकात ठीक, पण गोव्यात हिवाळाभर झोपणारं जनावर कुणी पाहिलंय? मी तिथे सरळ ‘काम राखून बंद’ असं लिहीन. त्या मुलाला नेमकं तेच बटण हवं होतं.