हात हलला की ट्रिगर ओढला?

दहा मीटर एअर पिस्तूलच्या रेंजवर नवख्या शूटरचा दहाऐवजी सात गुणांचा शॉट लागला की बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं, "सर, हात हलला." मग तो महिनाभर हात स्थिर करण्याच्या मागे लागतो. डंबेल उचलतो, श्वास रोखून धरतो. सात मात्र लागतच राहतात, कारण हात हलणं आणि ट्रिगर झटक्याने ओढला जाणं हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्याने चुकीचा पकडलेला असतो.

हात सगळ्यांचाच हलतो. ऑलिम्पिक पदकविजेत्यांचाही हलतो, फक्त कमी. पण पुढची साइट (नेम धरायची नळीवरची खूण) मागच्या साइटच्या खाचेत बरोबर मधोमध, वरच्या कडा एका रेषेत असताना सगळं पिस्तूल एकत्र 5 मिमी सरकलं, तर पेलेटही (एअर पिस्तूलची छोटी गोळी) टार्गेटवर 5 मिमीच सरकतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिमी, पेलेट 4.5 मिमीचा, आणि वर्तुळाच्या रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचे गुण मिळतात. म्हणजे एवढं हलूनही दहाच.

आता दुसरा प्रकार बघा. पिस्तूल जागेवरच आहे, पण बोटाने ट्रिगर हिसकावला आणि नळीचं तोंड किंचित वळलं. दोन साइट्समध्ये अंतर साधारण 35 सेंमी असतं. पुढची साइट खाचेतून फक्त 1 मिमी ढळली, तर दहा मीटरवर तो फरक सुमारे 28 मिमी होतो. दहाचा शॉट थेट सातवर! हे गणित मी प्रत्येक नव्या मुलाला फळ्यावर करून दाखवतो, कारण त्यानंतर त्याची नजर टार्गेटवरून पुढच्या साइटवर येते आणि तिथेच टिकते.

ओळखायचं कसं? हात हलण्याचे शॉट मध्याभोवती सगळीकडे विखुरतात. झटक्याचे शॉट एका बाजूला जातात, उजव्या हाताच्या शूटरचे बहुधा डावीकडे खाली. एअर पिस्तूलला धक्का जवळपास नसतोच, त्यामुळे इथे झटका येतो तो मोहाने. साइट्स आणि टार्गेटचं चित्र क्षणभर सुंदर दिसतं, मन "आत्ता!" म्हणतं आणि बोट धावतं. काडतुसाच्या .22 पिस्तूलमध्ये त्यात आवाजाची आणि धक्क्याची धास्ती मिसळते, मनगट आधीच खाली दबतं.

चित्र स्थिर होण्याची वाट बघत बसणं किती व्यर्थ आहे, हे 25 मीटर पिस्तूलमध्ये कळतं. तिथल्या रॅपिड फेरीत हात खालून उचलून शॉट सोडायला 3 सेकंदच मिळतात, आणि ट्रिगरचं वजन किमान 1 किलो, म्हणजे एअर पिस्तूलच्या 500 ग्रॅमच्या दुप्पट. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. हात वर येत असतानाच बोटाने ट्रिगरचा पहिला टप्पा, म्हणजे शॉट सुटण्याआधीचा सुरुवातीचा दाब, घेतलेला असावा लागतो.

ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने सराव, इथे उपयोगी पडते. गोळी नाही, आवाज नाही, गुण नाहीत. ट्रिगर सुटताना पुढची साइट काय करते, तेवढंच दिसतं. आधी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, पेलेट किंवा काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका आणि तोंड कायम सुरक्षित भिंतीकडे असू द्या. मॅचच्या एअर पिस्तूलमध्ये ड्रायची सोय असते, .22 मध्ये मात्र रिकामा चेंबर ठोकू नका, आत डमी (खोटं काडतूस) घाला.

टार्गेट लावू नका, कोरी पांढरी भिंत घ्या. नेम धरायला काही नसलं की "आत्ता!" म्हणायला निमित्तच उरत नाही. दाब हळूहळू वाढवत न्या, ट्रिगर सुटल्यावरही दोन सेकंद बोट मागेच ठेवा आणि साइट बघत राहा. ती जागची हलली नाही, तर शॉट चांगला. टुणकन उडाली, तर बोट चुकलं. दिवसाला असे वीस शॉट मन लावून केले तरी पुरे, थकव्यात केलेल्या शंभरांनी झटकाच पक्का होतो.

आठवड्याने रेंजवर याल, तेव्हा शॉट कुठे लागला ते दाखवणाऱ्या मॉनिटरकडे बघण्याआधी शॉट कुठे गेला ते मोठ्याने सांगा. "डावीकडे खाली, आठ" म्हणालात आणि मॉनिटरवरही तेच दिसलं, तर आठ लागला असला तरी मला आनंदच होईल.