गर्दीचा ताल कुठे चुकतो

गोव्यात फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियममध्ये फुटबॉलच्या सामन्याला एका गोलमागे ढोल वाजतो आणि समोरच्या गोलमागची माणसं त्याच्या ठेक्यावर टाळ्या देतात. ढोलापाशी उभ्या असलेल्यांना मात्र त्या टाळ्या ठेका सोडून पडलेल्या ऐकू येतात. यात समोरच्यांचा दोष नाही. किनाऱ्यावरच्या ३० अंश सेल्सिअस हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. दोन टोकांच्या प्रेक्षकांत १४० मीटर अंतर धरलं, तर ठोका पलीकडे पोचायला ०.४ सेकंद लागतात आणि त्यावर पडलेली टाळी परत यायला आणखी ०.४ सेकंद. सेकंदाला दोन टाळ्या असा चढा ठेका असेल, तर दोन टाळ्यांमध्ये जेमतेम अर्धा सेकंद असतो. ढोलवाला पुढच्या ठोक्यावर गेलेला असतो आणि समोरचे अजून मागच्या ठोक्याला उत्तर देत असतात.

गावातल्या मैदानावर वेगळीच अडचण येते. भातकापणीनंतर कुणगे, म्हणजे भातशेतीचे तुकडे, सपाट करून आखलेलं मैदान ९० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन साधारण अर्धा सेकंद होतो. त्यामुळे उशिरा आलेली टाळी नेमकी ढोलाच्या पुढच्या ठोक्यावर पडते आणि ढोलवाल्याला वाटतं, सगळं जुळलंय. मधल्या रेषेजवळ उभ्या असलेल्यांना मात्र ठोका आणि टाळी एकाआड एक ऐकू येतात, म्हणजे ताल पुरता विस्कटलेला. ठेका जमला की नाही हे ढोलवाल्याच्या कानावर सोपवू नये, ते या कारणाने. एक माणूस मधल्या रेषेवर उभा करावा आणि त्याने हात वर करून खूण द्यावी. प्रकाशाला पोचायला वेळ लागत नाही, म्हणून दोन्ही टोकांनी त्याच्या हाताकडे बघून टाळी द्यायची, ढोल ऐकून नाही. दोन ढोल असले तरी हाच नियम.

दुसरा उपाय ठेका संथ करण्याचा. दोन सेकंदांना एक टाळी असेल, तर ०.४ सेकंदाचा उशीर कानाला फारसा खुपत नाही. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या पाठीराख्यांनी गाजवलेली टाळी याच तत्त्वावर चालते. हात फैलावून उभं राहायचं, ढोलाचे ठोके, मग सगळ्यांची एकच टाळी आणि हुंकार, आणि त्यानंतर लांब शांतता. त्या शांततेत मागे राहिलेले आवाज विरून जातात आणि पुढची टाळी कोऱ्या पाटीवर पडते. वेग हळूहळू वाढवत नेतात; शेवटी ताल तुटतो, पण तोवर गोंगाटच हवा असतो. सिंधुदुर्गात हे वेगळं शिकवावं लागत नाही. देवाला गाऱ्हाणं घालताना एकाने वाक्य पुरं करायचं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही रचना पाठीराख्यांच्या घोषणेला तंतोतंत लागू पडते. सांगणारा एक, उत्तर चार-पाच अक्षरांचं, आणि मध्ये श्वास घ्यायला जागा.

मोठ्या जमावाच्या टाळ्यांचा अभ्यास रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत झाला आणि २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. टाळ्या एका तालात येतात तेव्हा प्रत्येक माणूस आपला वेग जवळपास निम्म्यावर आणतो, असं त्यात दिसलं. जलद टाळ्यांत माणसामाणसांच्या वेगात खूप फरक असतो, संथ टाळ्यांत तो कमी होतो, म्हणून जुळणं शक्य होतं. मात्र टाळ्या संथ झाल्या की एकूण आवाज घटतो. तो वाढवायला लोक पुन्हा वेग घेतात आणि ताल मोडतो. स्टेडियममध्ये दर काही मिनिटांनी घोषणा जमते आणि विस्कटते, त्याच्या मुळाशी ही ओढाताण आहे. नेतृत्व करणाऱ्याने विस्कटलेली घोषणा ओढत बसू नये. ती सोडून द्यावी आणि वीस-तीस सेकंदांनी नवी सुरू करावी.

१९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात जगाने पाहिलेल्या ‘मेक्सिकन वेव्ह’चीही मोजमापं झाली आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही लाट बहुतेकदा घड्याळाच्या दिशेने जाते. तिचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे २० खुर्च्या, आणि रुंदी साधारण १५ खुर्च्यांची. ती सुरू करायला पंचवीस-तीस माणसांनी एकदम उठावं लागतं. पाच-सहा मित्र उठून बसून दमतात ते या आकड्याअभावी. शिवाय खेळ रंगात असताना ती चालत नाही. चेंडू बाहेर गेलाय किंवा खेळाडूवर उपचार चाललेत, अशी वेळ धरावी.

आता आवाज किती मोठा होतो ते पाहू. डेसिबलचं मोजमाप सरळ बेरजेचं नाही. माणसं दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, दसपट झाली की १० डेसिबलने, आणि कानाला ही दसपट फक्त दुपटीएवढी वाटते. शंभर पाठीराख्यांचे हजार केले तरी मैदानावर दुप्पटच आवाज पोचेल. त्यापेक्षा त्याच शंभरांना एका ठेक्यात आणलं तर शब्द स्पष्ट होतात आणि खेळाडूला कळतं की हाक आपल्याला आहे. पिपाण्या नेमकं हेच बिघडवतात. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात वुवुझेलाच्या अखंड भोंग्याखाली गाणी आणि घोषणा बुडून गेल्या होत्या.

किनाऱ्यालगतच्या उघड्या मैदानावर वाराही हिशेबात धरावा लागतो. दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात. जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी आणि वर जास्त असल्याने वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वाकतो आणि लांब ऐकू येतो; वाऱ्याविरुद्ध गेलेला वर वळून डोक्यावरून निघून जातो. म्हणून चारच्या सामन्याला समुद्राच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला उभं राहणाऱ्या पाठीराख्यांना आयता फायदा मिळतो, आणि उन्हं पाठीवर येतात हा आणखी एक. रात्री मतलई वारे सुटले की हिशेब उलटतो. त्यातच रात्री जमीन थंड होऊन तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, तेव्हा आवाज सगळ्याच दिशांना खाली वाकतो. प्रकाशझोतातल्या सामन्याचा गलका पलीकडच्या वाडीत झोपलेल्यांना स्पष्ट ऐकू जातो तो त्यामुळे. ढोल रात्री दहाला थांबवण्यामागे हे शास्त्रही आहे.

कानांची मर्यादा पाठच करून ठेवावी. ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९१ ला दोन तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. सामना मध्यंतर धरून पावणेदोन तासांचा असतो. ताशाच्या शेजारी खांद्यावर लहान मूल घेऊन उभं राहणं खरोखर घातक आहे. कापसाचे बोळे पुरत नाहीत; औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग दाबून बारीक करून घालावेत आणि ते कानात फुगेपर्यंत बोटाने धरावेत.

टोपणनावांचा संबंधही याच आवाजाशी आहे. हाकेतली ताकद स्वरांत असते. स, श, फ ही व्यंजनं क्षीण असतात, त्यांचा आवाज उंच पट्टीत असतो आणि गोंगाटात ती आधी हरवतात. तोंड मोठं उघडून म्हटलेला ‘आ’ सगळ्यांत लांब जातो. पेले, दिदी, वावा, झिको, काका या ब्राझिलियन नावांची घडण पाहा. दोन अक्षरं, शेवटी मोकळा स्वर. कोकणातल्या मैदानांवरचे बाबू, दाजी, आबा, बाळा याच घडणीचे आहेत. ‘गोवा’ हे नावही दोन दीर्घ स्वरांचं, त्यामुळे एफसी गोवाचे पाठीराखे संघाला त्याच्या टोपणनावाने गवा म्हणोत की गोवा, घोषणेत दोन्ही बसतात. संघात नावं ठेवताना एक काळजी घ्यावी. ‘बाळा’ आणि ‘दादा’ दोघेही बचावफळीत असतील, तर पन्नास मीटरवरून दोन्ही हाका ‘आ-आ’ अशाच ऐकू येतात. एकाला ‘बाळा’ ठेवावं आणि दुसऱ्याला ‘विनू’सारखं वेगळ्या स्वरांचं नाव द्यावं.

इतक्या ओरडण्याचा खेळावर परिणाम होतो का? होतो, आणि तो पंचांवर दिसून आला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ४० पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले. काहींना आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. कोविडच्या काळात युरोपातली मैदानं रिकामी झाली, तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डंही घटली. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा अख्खा हंगाम गोव्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथे प्रेक्षकांविना झाला. स्थानिक स्पर्धेच्या आयोजकांनी यातून धडा घ्यावा आणि पंच शक्यतो दोन्ही गावांबाहेरचे नेमावेत.

पाठीराख्यांच्या वागण्यावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग २००५ सालचा आहे. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना एका इमारतीतून दुसरीकडे चालत पाठवलं आणि वाटेत एक धावपटू पाय मुरगळल्याचं सोंग करून पडला. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असताना १३ पैकी १२ जणांनी मदत केली. लिव्हरपूलचा शर्ट असताना १० पैकी ३ जणांनी. मग प्रयोग पुन्हा केला. या वेळी चाहत्यांशी आधी संघाबद्दल बोलले नाहीत, फुटबॉलप्रेमी असणं म्हणजे काय याबद्दल बोलले. आता लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यालाही बहुतेकांनी उचललं. साध्या शर्टातल्या माणसाकडे मात्र तेव्हाही दुर्लक्ष झालं. माईकवरून बोलणाऱ्याच्या हातात केवढी ताकद आहे, ते यातून कळतं. ‘वेंगुर्लेकरांनो, सावंतवाडीकरांनो’ असं दोन भागांत पुकारण्याऐवजी त्याने ‘फुटबॉलप्रेमींनो’ म्हणावं, विशेषतः फाऊलनंतर वातावरण तापलेलं असताना.

हृदयाबद्दल थोडक्यात. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण नेहमीच्या २.६६ पट आढळले, आणि सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत आले. आधीपासून विकार असलेल्याने औषध चुकवू नये आणि छातीत कळ आली तर पेनल्टी शूटआऊट संपायची वाट पाहू नये.

राहिला गर्दीच्या वजनाचा प्रश्न, आणि इथे चूक झाली तर माणसं मरतात. पाठीराखे सेकंदाला दोन-तीनदा उड्या मारतात. पाय टेकताना प्रत्येकाचा भार क्षणभर वजनाच्या दुपटी-तिपटीवर जातो. शंभर माणसं, सरासरी ६५ किलो, म्हणजे उभ्याने साडेसहा टन. एकत्र उडी मारली की १३ टन किंवा त्याहून जास्त. बांबूच्या गॅलरीची स्वतःची हलण्याची गती या उड्यांच्या गतीशी जुळली, तर दर उडीला झोका वाढत जातो. मार्च २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, फुटबॉल सामन्यात तात्पुरती गॅलरी कोसळून अनेक प्रेक्षक जखमी झाले. आपल्याकडे चुका ठरलेल्या आहेत. ओलसर कुणग्यात खांब थेट रोवले की ते भाराने रुततात. प्रत्येक खांबाखाली आडवा चिरा, म्हणजे घडीव दगड, हवा. उभे-आडवे बांबू भरपूर असतात, पण तिरके नसतात, आणि गॅलरी आडवी कलंडते ती तिरक्यांअभावी. ओला बांबू सुकताना आक्रसतो, बांधणी सैल होते, म्हणून स्पर्धा चार दिवसांची असेल तर रोज सकाळी गाठी आवळाव्यात. चौघांनी वरच्या पायरीवर बाजूला धक्का द्यावा. गॅलरी डोळ्यांना हललेली दिसली तर ती बंद ठेवावी.

जमिनीवरच्या गर्दीला घनतेचा नियम आहे. चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत प्रत्येकजण आपल्या मनाने हलतो. सहाच्या पुढे गेलं की अंगं चारी बाजूंनी चिकटतात आणि गर्दी द्रवासारखी वाहू लागते. धक्का कुठून आला ते कोणालाच कळत नाही. मृत्यू बहुतेक वेळा तुडवलं गेल्याने येत नाही, छाती दबून श्वास कोंडल्याने येतो. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर ९७ जणांचा बळी गेला तो असाच. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक गेले. अशा दाबात सापडल्यास दोन्ही हात छातीसमोर कोपरातून वाकवून श्वासापुरती जागा राखावी, ओरडण्यात दम घालवू नये, लोंढ्याला विरोध करू नये आणि धक्का ओसरला की तिरकं-तिरकं कडेला सरकावं. पडलेली वस्तू उचलायला वाकू नये.

बाहेर पडण्याचं गणित आयोजकांनी आधी करावं. ब्रिटनच्या क्रीडामैदान सुरक्षा मार्गदर्शिकेनुसार सपाट जागेवर एक मीटर रुंद वाटेतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जातात आणि मैदान आठ मिनिटांत रिकामं व्हावं लागतं. दोन हजार प्रेक्षकांना एक मीटरचं एकच दार असेल तर चोवीस मिनिटं लागतील. आठ मिनिटांत आटपायला एकूण तीन मीटरहून थोडी जास्त रुंदी हवी. दारासमोर भेळेची गाडी किंवा दुचाकी उभी राहिली की ही रुंदी निम्मी होते. शेवटच्या शिट्टीच्या दहा मिनिटं आधी सगळी दारं उघडून बांधून ठेवावीत. मैदानाभोवती कुंपण असेल तर त्याला खेळाच्या बाजूने उघडणारी, कुलूप नसलेली दारं ठेवावीत आणि प्रत्येक दारापाशी एक माणूस सामन्याकडे पाठ करून उभा करावा. गर्दी पुढे रेटली जाताना दिसली की त्याने कोणाला न विचारता दार उघडायचं, आणि पंचाने खेळ थांबवायचा.