वानगी सगळ्यांच्या मुठीत

गेल्या आठवड्यात जेवता जेवता वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हा मोबाईल आपलं बोलणं ऐकतो बघा. काल आईंचे गुडघे दुखतात असं नुसतं बोलले, आज सकाळी गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात हजर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाकडं असा एक किस्सा तयारच होता.

पटायला हे सोपं आहे, पण तसं सापडलेलं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही मिळालं नाही. (काही ॲप स्क्रीनवर चाललेलं चित्रित करून परस्पर तिसरीकडं धाडत होती, ते वेगळंच.) पोपटवाल्या ज्योतिषाची दहातली दोन भाकितं जुळली की ती आपण गावभर सांगतो आणि आठ विसरतो. त्याच सकाळी वहिनींना कर्जाची, साडीची आणि इंग्रजी बोलायच्या क्लासची जाहिरातही दिसली असणार. ती कोण मोजतंय?

मग पट्टा आला कुठून? घरात वायफाय एकच. दादानं चार दिवसांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांचे पत्ते शोधले होते, आईला घेऊन सांगलीतल्या विश्रामबागेतल्या दवाखान्यात जाऊनही आला होता. एवढ्यावर भागतं. कसं भागतं, ते बघायला मार्केट यार्डात जाऊ.

हळदीचे सौदे ज्यांनी पाहिलेत त्यांना चित्र माहीत आहे. अडत्याच्या दुकानापुढं हळद मांडलेली असते. खरेदीदार येतो, मूठभर वानगी उचलतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो, वास घेतो आणि बोली लावतो. तुम्ही मोबाईलवर बातमी उघडता तेव्हा मधल्या रिकाम्या चौकोनासाठी असाच सौदा होतो, तोही सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात. अडत्याच्या जागी एक संगणक आणि वानगी म्हणजे तुम्ही: फोन कुठल्या मॉडेलचा, कुठल्या गावात आहे, कुठलं पान उघडलंय, शिवाय जाहिरातीसाठी फोनला दिलेला एक लांबलचक क्रमांक. नाव नसतं. नावाची गरजच नसते.

बोली किती लावायची हे ठरवायला कृत्रिम बुद्धिमत्ता येते, आणि हा माझा आवडता भाग. समजा पट्टा विकला तर दुकानदाराला ४०० रुपये सुटतात. जाहिरात दिसल्यावर तुम्ही ती दाबायची शक्यता २ टक्के, दाबल्यावर विकत घ्यायची ५ टक्के. ४०० गुणिले ०.०२ गुणिले ०.०५ म्हणजे ४० पैसे. त्याहून जास्त बोली लावली तर तोटा. सगळी मेख त्या २ टक्क्यांत आहे. यंत्र प्रत्येक खुणेला एक वजन देतं, वजनांची बेरीज करतं आणि ती एस आकाराच्या वक्रातून काढून शक्यता मिळवतं. बेरीज उणे ४ असेल तर शक्यता १.८ टक्के. 'याच वायफायवर कुणीतरी हाडांचे डॉक्टर शोधले' या खुणेचं वजन ०.७ धरू. बेरीज उणे ३.३ होते आणि शक्यता ३.६ टक्के. 'दवाखान्याच्या परिसरात अर्धा तास' या खुणेचे आणखी ०.७ मिळाले की जवळपास ७ टक्के. दोन साध्या खुणांनी शक्यता जवळपास चौपट होते, म्हणून बोलीही जवळपास चौपट. आई, गुडघा, दुखणं यातलं यंत्राला काही कळत नाही. ते वजनं तेवढी सुधारत राहतं. कुणी जाहिरात दाबली की वाढवायची, नाही दाबली की घटवायची. 'एआयनं धंदा दसपट' म्हणून शिबिरं भरवणारे जी जादू सांगतात, त्यातली बरीचशी ही बेरीज आहे.

कायद्याचा गुंता इथं सुरू होतो. हळद एकालाच मिळते, पण वानगी सगळ्यांच्या मुठीत जाऊन आलेली असते. जाहिरातीच्या सौद्यातही जे हरले त्यांनीही तुमची वानगी पाहिलेली असते. हळकुंड परत ढिगावर टाकता येतं, माहिती कशी टाकणार? 'मान्य' तुम्ही एका ॲपला म्हणालात, ते किती जणांना म्हटलं गेलं?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य कलमं लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. संमती मोकळेपणानं, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली हवी, ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं हवं, असं कायदा म्हणतो. सूचना मराठीत वाचायची सोयही द्यावी लागेल. दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातलं काही नाही. हे मला खटकतं.

अंदाजाचं काय? गुडघेदुखी कुणी यंत्राला सांगितलेली नाही, त्यानं ताडली. युरोपियन युनियनच्या न्यायालयानं २०२२ मध्ये लिथुआनियातल्या एका खटल्यात ठरवलं की जोडीदाराच्या नावावरून लैंगिक कल ताडता येत असेल, तर ते नावही संवेदनशील माहितीतच धरायचं. आपल्या नव्या कायद्यात आरोग्यासारख्या संवेदनशील माहितीचा वेगळा कप्पाच नाही. सगळी हळद एकाच ढिगात.

मुलांच्या बाबतीत मात्र हा कायदा कडक आहे. अठरा वर्षांखालच्यांचा माग काढून त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला त्यात बंदी आहे. पण आमच्याकडं पुतण्या आजीच्याच फोनवर कार्टून बघतो. यंत्राच्या लेखी आमची आई गुडघे दुखणारी आणि कार्टूनची शौकीन बाई आहे.

त्या रात्री वहिनींच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो जाहिरातीचा क्रमांक काढून टाकला. पट्टा गेला. आता द्राक्षबागेवर फवारायच्या औषधाची जाहिरात येते. आमची बाग नाही, पण सांगली आहे ना.