इंग्लिश मफिन की क्रम्पेट?

नागपुरात बेकरीवाल्याला मफिन मागितला की कागदी कपातला गोड केक हातात येतो. त्याचा इथे संबंध नाही. खरा घोळ होतो इंग्लिश मफिन आणि क्रम्पेट या दोन इंग्रजी पावांमध्ये. दोन्ही गोल, दोन्ही यीस्टचे, दोन्ही ओव्हनशिवाय तव्यावर होतात. मैदा, यीस्ट, मीठ यांची मापंही जवळपास तीच: पाव किलो मैद्याला छोटा चमचाभर इन्स्टंट यीस्ट, अर्धा चमचा मीठ. फरक पाण्याचा, आणि बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

मफिनला साधारण १८० मिलिलिटर दूध-पाणी पुरतं. हाताला जराशी चिकटेल अशी सैल कणीक मळायची, फुगली की दोन सेंटीमीटर जाड थापून वाटीने गोल कापायचे. दोन्ही बाजूंना रवा लावून पुन्हा थोडं फुगू द्यायचं, मग बिडाच्या तव्यावर मंद आचेवर दर बाजूला सहा-सात मिनिटं. मूळ कृतीत मक्याचा रवा असतो. आपला बारीक रवा काही कमी पडत नाही. कणीक क्रम्पेटच्या पिठापेक्षा घट्ट असल्याने हवा आतच अडकते, म्हणजे जाळी पोटात. ती हवी असेल तर सुरी लावू नका. कडेने काट्याने टोचत जा आणि हाताने उघडा. सुरीने जाळी दबते, मग लोणी वरच्यावर राहतं.

क्रम्पेटला तेवढ्याच मैद्यात २७५ ते ३०० मिलिलिटर पाणी. पीठ इडलीच्या पिठासारखं ओतता यायला हवं. ते बुडबुडलं की पाव चमचा खायचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून घालायचा. पातळ पीठ पसरतं, म्हणून तव्यावर तूप लावलेली स्टीलची रिंग हवीच. इतवारीत भांड्यांच्या दुकानांत विचारून बघा. इथे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि छिद्रं उघडीच राहतात. त्यासाठी आच अगदी मंद, झाकण नाही, आणि वरची बाजू कोरडी होईपर्यंत उलटणं नाही. छिद्रं पडली नाहीत तर पुढच्या घाण्याआधी पिठात चमचाभर पाणी वाढवा.

इंग्लंडहून गेलेल्या सॅम्युअल बाथ थॉमसने १८८० साली न्यूयॉर्कमध्ये बेकरी काढली आणि मफिन अमेरिकेत रुजला. क्रम्पेट तिथे तसा रुजला नाही. अमेरिकी व्हिडिओंत मफिनच जास्त दिसतो तो म्हणून.

आता आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ असताना कृतीतला 'तासभर फुगू द्या' हा सल्ला पाळू नका. थंड पाणी घ्या आणि अर्ध्या तासापासून लक्ष ठेवा. जास्त फुगलेली मफिनची कणीक तव्यावर टाकताच बसते; क्रम्पेटचं पीठ थोडं बसलं तरी सोडा सावरून घेतो. उन्हाळ्यात मी तरी क्रम्पेटच्याच बाजूने. डिसेंबरात निवांत मफिन करावेत.

खाताना मफिन उघडून भाजायचा. आत अंडं, चीज काहीही टिकतं. क्रम्पेट कापत नाहीत, वरून लोणी सोडतात. तो तर्रीही छान शोषतो, पण हे इंग्रजांना सांगू नका. मफिन डब्यात दोन दिवस राहतो. क्रम्पेट दुसऱ्या दिवशी रबरासारखा होतो, पण तव्यावर परत कडक भाजला की ताज्याहून बरा लागतो.