वही तिची, लाल पेन आमच्याकडे राहू द्या
पालकांसाठी माहितीपत्रक

अकरा ते सोळा वयाच्या मुलींसाठी आम्ही लेखन आणि प्रकाशन मार्गदर्शनाच्या तुकड्या घेतो. बारा आठवडे, एका तुकडीत आठच मुली, शेवटी सगळ्यांचं मिळून एक छापील पुस्तक. नाव नोंदवताना हे सगळं बोलणं झालेलंच असतं. तरी दर तुकडीला पालक विचारतात, "तिच्या चुका घरीच काढून पाठवल्या तर चालेल ना? तेवढाच तुमचा वेळ वाचेल." हेतू चांगला असतो. पण आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

समजा, सातवीतल्या मुलीनं लिहिलं: 'आजीच्या गोधडीला बामचा वास येतो. दिवसा मला ती नको वाटते. रात्री आईबाबा मोठ्यानं बोलायला लागले की मी तीच डोक्यावरून घेते.' घरात हे वाचलं जातं, कुणीतरी ओशाळतं आणि आमच्या हाती येतं ते असं: 'माझी आजी खूप प्रेमळ आहे. तिच्या गोधडीत मायेची ऊब आहे.' ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक, पण बामचा वास गेला, रात्र गेली आणि तिला जे सांगायचं होतं तेही गेलं. मग वर्ग घेणारी ताई तिच्याशेजारी बसून विचारते, "आधी काय लिहिलं होतंस?" उत्तर येतं, "असंच होतं काहीतरी." पुढचं पानही ती घरी आवडेल असंच लिहिते. त्यातून तिला बाहेर काढण्यात बारातले दोन-तीन आठवडे सहज जातात. मोबाईलवरच्या एआयकडून 'जरा छान' करून आणलेल्या मजकुराचंही तेच.

पहिल्या खर्ड्याला आम्ही लाल पेन लावत नाही. काही पालकांना हा ढिसाळपणा वाटतो, पण यामागे विचार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटनेबरोबर आपल्या भावनाही लिहिल्या, त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. या पद्धतीच्या लेखनात शुद्धलेखनाची आणि व्याकरणाची काळजी करू नका, असं आधीच सांगितलं जातं. त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी: लिहून झाल्यावर लगेच लोकांना बरं वाटलं नव्हतं, उलट थोडं उदासच वाटलं होतं. म्हणून वर्गातून आलेली मुलगी गप्प दिसली तर लगेच "काय लिहिलंस?" म्हणून मागे लागू नका. जेवायला बसवा. सांगायचं असेल तर ती आपणहून सांगेल.

अर्थात आमचा वर्ग म्हणजे उपचार नव्हे. वहीतलं आम्ही घरी सांगत नाही, पण मुलीच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका दिसला तर गप्पही बसत नाही. हे पहिल्याच दिवशी मुलींनाही स्पष्ट सांगतो. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं आम्हाला बंधनकारकच आहे. मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस 14416 आणि मुलांसाठीची चाइल्डलाइन 1098 हे दोन्ही मदत क्रमांक प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर छापलेले आहेत.

शुद्धलेखन आम्ही सोडून देत नाही. नवव्या आठवड्यापासून मुद्रितशोधन सुरू होतं. मुली एकमेकींची प्रुफं वाचतात, समासात खुणा करायला शिकतात आणि मग शेवटचा हात ताई फिरवते. आपली चूक आपल्याला सापडली की मुलगी खुलते. दुसऱ्यानं दाखवली की बऱ्याचदा वही मिटते. शाळेच्या निबंधांवर याचा परिणाम दिसतो, असं मराठीच्या बाईंकडून ऐकलेले पालक धाकटीला घेऊन पुन्हा येतात.

"नाव छापणं धोक्याचं नाही का?" हाही नेहमीचा प्रश्न. टोपणनाव घेता येतं, आणि कुठला मजकूर छापायचा हे मुलगी ठरवते. लेखनाचा कॉपीराइट तिचाच राहतो. ती अठराच्या आतली असल्यानं करारावर सही मात्र तुमची लागते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारकडून मोफत मिळतो, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

मराठी मुलीनं लिहून छापणं ही काही आजची हौस नाही. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. त्यातला संताप आजही वाचताना अंगावर येतो. तो कुणी घरी बसून सौम्य केला असता, तर आज आपण तो वाचला असता का?

तेव्हा घरी एवढंच करा. रोज पंधरा मिनिटं तिला कुणी हाक मारू नका, पाहुणे आले तरी. वही कपाटात कुठे ठेवायची हे तिला ठरवू द्या. तिनं वाचून दाखवलं तर आधी "पुढे काय झालं?" विचारा, वेलांटी नंतर. आणि आमच्याकडे पाठवताना वहीची पानं आहेत तशीच, खाडाखोडीसकट पाठवा.

पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होते. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. येताना मुलीलाही आणा, कारण यायचं की नाही हे आम्ही तिलाच विचारतो.